उलटी वाचलेली सात पुस्तकं

ताई : उभा काय राहिलायस दारात? बस ना. चहा टाकते. आणि तो गठ्ठा इकडे दे, पाच वाजता छापखान्याचा माणूस यायचाय न्यायला.

टिंबू : चहा नको. बसत नाही.

ताई : ट्यूबलाइट गुणगुणतेय का? थांब, बंद करते. ही बघ, केली. खिडकीतून उजेड येतोय भरपूर.

टिंबू : बंद केलीस ते बरं झालं. तरी बसत नाही.

ताई : बरं बाबा, राहा उभा. अठ्ठेचाळीस वर्षांचा झालास, माझं कधी ऐकलंयस? चुका किती निघाल्या ते तरी सांग. मागच्या प्रुफांत एकशे सदतीस काढल्या होत्यास, पार नाक कापलंस माझं.

टिंबू : एकशे चार. सगळ्या खुणा केल्यात. पण काही सुटल्या असतील. या वेळी मी सरळ वाचलं.

ताई : सरळ म्हणजे?

टिंबू : पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या पानापर्यंत. गोष्ट वाचतात तसं.

ताई : तू? तू तर शेवटच्या ओळीपासून वर वर जातोस.

टिंबू : हो. खाली पट्टी धरायची, एक ओळ बघायची, मग तिच्या वरची. तसं वाचलं की अर्थ लागत नाही आणि डोळा फसत नाही. तुझी सात पुस्तकं मी तशीच वाचली. हे आठवं सरळ वाचलं. त्याआधी ती सातही सरळ वाचली, छापलेली. बारा दिवस लागले.

ताई : छापलेलं पुस्तक तर तू हातातही धरत नाहीस.

टिंबू : धरत नाही. चूक दिसली तर ती दुरुस्त करता येत नाही, मग आठवडाभर तीच डोळ्यांपुढे येत राहते. तुला ते माहीत होतं.

ताई : मग? कशी वाटली? बारा वर्षांनी का होईना, सख्ख्या भावाने वाचली. जरा कौतुक कर की. पैसे पडत नाहीत त्याला.

टिंबू : चांगली आहेत. खुनी कोण ते मला एकदाही आधी ओळखता आलं नाही. ताई, मी एक गोष्ट ऐकायला आलोय. तुझ्या तोंडून ऐकायची आहे. ऐकली की जातो.

ताई : कसली गोष्ट?

टिंबू : ती तू सांगायची. मी सांगितली तर ती मी सांगितलेली होईल.

ताई : हे कोड्यात बोलणं कधीपासून सुरू केलंस?

टिंबू : मी कोड्यात बोलत नाही. मापाडीही बोलत नाही. पुस्तक दुसरं, पान तीस.

ताई : अस्सं. म्हणजे गाडी मापाडीवर आली तर. अरे, तो कुठे, तू कुठे. तो दुकानांचे वजनकाटे तपासत हिंडणारा माणूस, जाईल तिथे खुनाचा छडा लावणारा. सहा फूट उंच, ही जाडजूड मिशी. तुला आहे मिशी?

टिंबू : नाही. मिशी आणि उंची सोडून बाकी मी आहे.

ताई : लिहिणारा चार माणसांचं थोडं थोडं उचलतो आणि एक माणूस उभा करतो. सगळेच करतात. तुझं घेतलं असेल इकडचं तिकडचं.

टिंबू : बाकीचे तीन कोण?

ताई : आता ते आठवतंय थोडंच.

टिंबू : मी सांगतो. बाकीचं कोणी नाही. मापाडी रोज एकाच बाकावर डबा खातो, बाकावर कोणी बसलेलं असलं तर न खाता परत जातो. तो मी. माणूस बोलत असला की त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघतो. मी. वडील गेले त्या दिवशी सगळे रडत होते आणि त्याने भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे म्हणून स्टुलावर चढून ते नीट लावलं. मामांनी त्याला थोबाडीत मारली. ती मला मारली होती, ताई. तू दारात उभी होतीस.

ताई : तुला त्याचं वाईट वाटलं असेल तर—

टिंबू : थांब. मी क्रमाने सांगतो. मध्ये बोललीस तर मला पुन्हा पहिल्यापासून यावं लागेल. सातव्या पुस्तकात पान एकशे बाराची शेवटची ओळ छापताना गळली.

ताई : ते माहितेय मला. तू शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या काढल्यास ना त्याच्या?

टिंबू : काढल्या. ग्रंथालयात चार प्रती होत्या, त्यांत चिकटवायला मी स्वतः गेलो. शेजारच्या टेबलावर वाचकमंडळ बसलं होतं. ग्रंथपालबाई, एक दातांची डॉक्टर, एक शाळामास्तर आणि एक निवृत्त बस कंडक्टर. त्यांचा वाद चालला होता. मापाडीला ऑटिझम आहे की नाही.

ताई : लोकांना काय, उद्योग नसतात.

टिंबू : त्यांना होता. मास्तर म्हणाले, लेखिकेने कुठे तसं लिहिलेलं नाही, आपण का बिल्ला लावायचा, विक्षिप्त माणसं असतातच की जगात. डॉक्टरबाई म्हणाल्या, बिल्ला नाही, त्याला समजून घ्यायची वाट आहे. मग त्या पुस्तकातलं एकेक सांगायला लागल्या. पंख्याचा आवाज त्याला माणसाच्या आवाजाएवढाच मोठा ऐकू येतो. कोणी 'बघू कधीतरी' म्हणालं की तो तारीख विचारतो. गर्दीतून घरी आला की खोलीचं दार लावून जमिनीवर पडून राहतो, तेव्हा त्याला राग आलेला नसतो. ब्रशवरचा डिंक वाळून गेला, ताई. कंडक्टर म्हणाले, माझी नात अशी आहे, तिच्या डोक्यात काय चालतं ते मला या पुस्तकाने सांगितलं. ते रडत होते. मला वाटलं, जगात आणखी एक आहे.

ताई : टिंबू—

टिंबू : मी हात वर केला.

ताई : तू? चार अनोळखी माणसांत?

टिंबू : हो. म्हटलं, मीही असाच आहे, मला हे पुस्तक वाचायचंय. ते हसले, कारण तेच पुस्तक माझ्या हातात होतं. पण वाईट नाही हसले. कंडक्टरांनी खुर्ची ओढून दिली. मी बसलो. कोणी 'असं काय करतो हा' म्हणून बघितलं नाही. दहा मिनिटं. मला आयुष्यात एवढा आनंद कधी झाला नव्हता. मी ठरवलं होतं की तिथून थेट तुझ्याकडे यायचं आणि सांगायचं, ताई, तू माझ्यासारखा एक माणूस लिहिलायस, तुलाही माहीत नाही.

ताई : मग आला का नाहीस?

टिंबू : कारण मग ग्रंथपालबाई म्हणाल्या, वाद कशाला घालता, लेखिकेने स्वतःच सांगितलंय. त्यांनी मासिकाचा अंक आणून दाखवला. चार वर्षांपूर्वीचा. तुझी जाहीर मुलाखत, सभागृहातली. मला पाठ आहे.

ताई : नको म्हणूस.

टिंबू : 'मापाडी मी माझ्या अगदी जवळच्या माणसावरून घेतलाय. त्याला ऑटिझम आहे. फक्त ते त्याला अजून माहीत नाही.' पुढे कंस आहे. कंसात छापलंय, हशा.

ताई : ते तसलं हसणं नव्हतं रे. बोलण्याच्या ओघात गेलं. समोर तीनशे माणसं बसलेली, माणूस बोलून जातो.

टिंबू : तीनशे. मला आकडा माहीत नव्हता. म्हणजे तीनशे माणसांना सांगितलंस, आणि मासिक घेणाऱ्यांना. मी दर मंगळवारी चार वाजता इथे याच खोलीत असतो.

ताई : तू मला गुन्हेगार असल्यासारखं विचारतोयस.

टिंबू : मी अजून काही विचारलेलं नाही. आता विचारतो. तुला कसं कळलं?

ताई : बहीण आहे मी तुझी. लहानपणापासून बघतेय.

टिंबू : ते उत्तर नाही.

ताई : बरं. पहिलं पुस्तक लिहायच्या आधी मी एका डॉक्टरांकडे गेले होते. तुझ्याबद्दल वहीत लिहून नेलं होतं सगळं. बोलायला लागल्यापासूनचं. शाळा, घड्याळ, बाक, सगळं.

टिंबू : ते काय म्हणाले?

ताई : म्हणाले, माणूस समोर असल्याशिवाय मी काही सांगणार नाही. त्यांना घेऊन या.

टिंबू : मग?

ताई : मग काय. आई अंथरुणाला खिळलेली. तिला बोलले तर तिने माझा हात धरला. म्हणाली, त्याला सांगू नकोस, खचेल तो, आहे तसा बरा आहे. मरणाऱ्या माणसाला मी काय म्हणणार होते?

टिंबू : आईला जाऊन अकरा वर्षं झाली.

ताई : हो.

टिंबू : आणि डॉक्टरांनी 'आहे' म्हटलंच नव्हतं. मग सभागृहात तू 'आहे' कसं म्हणालीस?

ताई : मला खात्री होती.

टिंबू : छापायच्या आधी तपासायचं असतं. मी गेलो ग्रंथालयानंतरच्या सोमवारी. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे. एकटा गेलो, बस बदलून. तीन तास लागले. कागद माझ्या खिशात आहे, तुला दाखवणार नाही.

ताई : मला सांगितलं असतंस तर आले असते की बरोबर.

टिंबू : बारा वर्षांपूर्वी यायचं होतंस.

ताई : किती टोचून बोलायला लागलायस रे.

टिंबू : टोचून नाही. वर्षं मोजून सांगतोय. तिलाही जाऊन नऊ वर्षं झाली.

ताई : तो विषय नको काढूस.

टिंबू : माझी बायको होती, मी काढणार. ती बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, तुझ्याबरोबर राहणं म्हणजे बंद घराची बेल वाजवत राहणं आहे. तिचं हे बोलणं मी कोणाला सांगितलं होतं?

ताई : मला.

टिंबू : फक्त तुला. इथेच, त्या खुर्चीत बसून. मी बोलत होतो आणि तू पाकिटाच्या मागे काहीतरी लिहीत होतीस. मी बोलत असलो की तू नेहमी लिहायचीस. मला वाटायचं, वाणसामानाची यादी करतेय, बायकांना एका वेळी दोन कामं जमतात. पुस्तक तिसरं, पान एकशे साठ. मापाडीची बायको दारात उभी राहून बोलते. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

ताई : ते वाक्य इतकं खरं होतं की मला ते बदलवेना.

टिंबू : ती गेली तेव्हा तुला तीन वर्षं माहीत होतं. तू तिला सांगू शकली असतीस. घर बंद नाही, आत माणूस आहे, पण त्याला एकदम इतके आवाज ऐकू येतात की बेल कुठली ते कळायला वेळ लागतो. दोन वाक्यं होती, ताई. कदाचित तरीही ती गेली असती. पण मला कळलं असतं की ती का गेली. मी नऊ वर्षं समजत होतो की मी वाईट माणूस आहे.

ताई : वाईट? तू? अरे, तुला सगळे शिष्ट म्हणायचे ना, माणूसघाणा म्हणायचे, तेव्हा माझा जीव तुटायचा. मला वाटायचं, लोकांना तू आतून दिसला पाहिजेस, मग सगळे तुझ्यावर जीव लावतील. आणि लावलाच की. पत्रं येतात मला. मापाडीला सर्दी झालेली वाचून एका आजींनी काढ्याची पुडी पाठवली होती.

टिंबू : पुडी तुझ्या घरी आली. छापखान्यात मला त्या वर्षीही शिष्टच म्हणत होते. जीव त्याच्यावर लावला. मला काहीच मिळालं नाही.

ताई : तुझं खरंय.

टिंबू : आणखी एक आहे. ते मला सगळ्यांत जास्त लागलं. म्हणून शेवटी ठेवलं.

ताई : आणखी काय राहिलंय?

टिंबू : उलटं वाचायला मला कोणी शिकवलं?

ताई : मी शिकवलं.

टिंबू : छापखान्यात आम्ही सगळे सरळ वाचायचो. एकजण मोठ्याने वाचायचा, दुसरा खुणा करायचा. पहिल्या पुस्तकाचा गठ्ठा देताना तू म्हणालीस, टिंबू, कसलेले लोक शेवटच्या ओळीपासून वाचतात, गोष्टीच्या नादाला लागायचं नाही, तू तसं वाच. पट्टीसुद्धा तूच आणून दिलीस. ही बघ. अजून तीच वापरतो. मी छापखान्यात सगळ्यांना सांगितलं, माझ्या ताईने शिकवलं. दुसऱ्यांची पुस्तकंही तशीच वाचायला लागलो. माझ्या हातून चूक सुटेनाशी झाली, बढती मिळाली. मला वाटलं, तुला माझं काम कळतं. माझं काम घरात कोणालाच कळत नव्हतं, फक्त तुला.

ताई : फायदा झालाच ना तुला त्याचा?

टिंबू : झाला. फायदा झाला म्हणून तर संशय आला नाही. तू मला चांगलं काम करायला शिकवलं नाहीस. मी वाचू नये म्हणून शिकवलंस. माझंच पुस्तक माझ्याच हातात दिलंस, आणि मला ते दिसणार नाही अशी व्यवस्था केलीस. बारा वर्षं मी तुझ्या वेलांट्या नीट करत होतो.

ताई : सांगू का खरं?

टिंबू : तेच ऐकायला आलोय.

ताई : पहिल्या वेळी नुसती लाज वाटली म्हणून केलं. वाटलं, हे एक पुस्तक होऊन जाऊ दे, मग सांगू. मग दुसरं आलं. मग लोकांना आवडायला लागलं आणि मला भीती बसली. तुला कळलं तर तू माझ्यासमोर जपून बोलशील. आता बोलतोस तसं नाही बोलणार. आणि तू जपून बोलायला लागलास तर मापाडी मुका झाला असता. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं रे. खुनाच्या भानगडी कोणीही रचतो. लोक वाचत होते ते त्याच्यासाठी. आई वगैरे निमित्त. मी तुला विकून खाल्लं, असं म्हण हवं तर.

टिंबू : मी तसं म्हणणार नाही. ते वाक्य चांगलं झालंय, तू ते कुठेतरी वापरशील.

ताई : एवढा परका करू नकोस मला.

टिंबू : गठ्ठ्यातलं पान दोनशे चौदा काढ.

ताई : दोनशे चौदा? तिथे तर...

टिंबू : तिथे मापाडीची बहीण त्याला सगळं सांगते. स्वयंपाकघरात, हात पुसत पुसत. दोन पानं बोलते, चांगलं बोलते. मी ते वाचायला लागलो तेव्हा मला वाटलं, तू मला असंच सांगणार आहेस, आधी कागदावर सराव केलायस. मग मापाडी काय म्हणतो, वाच.

ताई : 'मला माहीतच होतं, अक्का. मी फक्त तू कधी सांगतेस त्याची वाट बघत होतो.'

टिंबू : आणि मग?

ताई : मग तो हसतो. ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडते.

टिंबू : त्या दोन वाक्यांवर मी काट मारलीये. ती एकच खूण शाईने केलीये, बाकी सगळ्या पेन्सिलने.

ताई : चूक कसली त्यात? तो मोठ्या मनाने—

टिंबू : त्याला माहीत नव्हतं. सात पुस्तकांत कुठेही माहीत नाही, मी ओळ न् ओळ बघितलीये. आठव्यात त्याला अचानक माहीत होतं, म्हणजे मग बहिणीने न सांगितल्याचं काहीच बिघडत नाही. ती सुटते. तू त्याच्या तोंडून स्वतःला माफ करून घेतलंस, ताई. आणि ते मलाच तपासायला दिलंस.

ताई : मग काय लिहू तिथे?

टिंबू : ते माझं काम नाही. हे शेवटचं. नववं दुसऱ्या कोणाला तरी दे. उलटं वाचायला सांगायची गरज पडणार नाही.

ताई : आणि मंगळवारी?

टिंबू : मंगळवारचं अजून ठरवलं नाही. मी ऐकायला आलोय ते तू अजून सांगितलेलं नाहीस. चार वाजून चाळीस मिनिटं झाली.

ताई : तुला आता माहितेय की सगळं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कागद खिशात आहे. पुन्हा माझ्या तोंडून कशाला?

टिंबू : डॉक्टरीणबाई मला तीन तास ओळखतात. ग्रंथालयातले लोक दहा मिनिटं ओळखत होते. तू अठ्ठेचाळीस वर्षं ओळखतेस. मला ते सगळ्यांत शेवटी तुझ्याकडून ऐकावं लागतंय. निदान ऐकवून तरी टाक. मी बसतो.

(तो खुर्ची टेबलाजवळ ओढून तिच्यासमोर बसतो.)

ताई : टिंबू.

टिंबू : हं.

ताई : बटणाकडे बघ हवं तर. डोळ्यांकडे नको बघूस, मला बोलता यायचं नाही.

टिंबू : मी बटणाकडेच बघतोय.

ताई : तुला ऑटिझम आहे. मला ते बारा वर्षं वाटत होतं आणि मी तुला सांगितलं नाही. तू वाईट नाहीस, शिष्ट नाहीस. घड्याळ चार मिनिटं पुढेच होतं, मलाही दिसत होतं. मामांनी मारलं तेव्हा मी पुढे यायला हवं होतं. ती गेली तेव्हा मी तिच्या घरी जायला हवं होतं. मी इथे बसून लिहीत होते.

टिंबू : मला माहीत नव्हतं.

ताई : हो रे.

टिंबू : खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं सगळ्यांनाच असं होतं, फक्त बाकीच्यांना ते जमतं आणि मला जमत नाही. मला वाटायचं, मी पुरेसा प्रयत्न करत नाही. मी फार प्रयत्न केला, ताई. रोज केला.

(ताई टेबलावरचं एक पाकीट जवळ ओढते.)

टिंबू : पेन खाली ठेव, ताई.